नावांची हद्द

टर्मिनलवर ‘फेरी ४’ ही एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती. सगळ्यात वर ‘फेरी १’, तिच्याखाली थेट ‘फेरी ४’, आणि मग नुसतंच ‘फेरी ४’, ‘फेरी ४’, ‘फेरी ४’. पडदा सरसर वर सरकत होता. स्क्रिप्ट बॅश या कमांड-भाषेतली, छोटीशी, शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने लिहिलेली. पाच फेऱ्या मारायच्या, प्रत्येक फेरीत एक फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, बोलवायचं, त्या फंक्शनने तीन फायली तपासायच्या, संपलं काम. बाहेरच्या व्हाईल लूपमध्ये, म्हणजे फेऱ्या मारणाऱ्या भागात, मोजायला ‘आय’ हे व्हेरिएबल, म्हणजे नाव दिलेली आकडा ठेवायची जागा, घेतलेलं. आतल्या फंक्शनमधल्या फॉर लूपमध्येही मोजायला ‘आय’च. फंक्शन आपलं काम उरकून परत यायचं तेव्हा ‘आय’मध्ये तीन उरलेले असायचे. बाहेरचा लूप त्यात एक मिळवायचा, चार व्हायचे, चार काही पाचापेक्षा मोठे नाहीत, म्हणून पुन्हा आत. पुन्हा तीन, पुन्हा चार. वीज जाईपर्यंत ते असंच चाललं असतं.

फंक्शनच्या पहिल्या ओळीत ‘लोकल आय’, म्हणजे हा ‘आय’ या फंक्शनपुरताच, असं घातलं आणि स्क्रिप्ट पाचव्या फेरीला गुमान थांबली. सहकारी पुढच्या कामाला लागला. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. दोन्ही तुकडे वेगवेगळे काढून वाचले तर दोन्ही बिनचूक होते. बाहेरचा लूप बरोबर मोजत होता, आतलाही बरोबर मोजत होता. बोट ठेवून ‘ही बघ चूक’ असं म्हणावं अशी एकही ओळ नव्हती. चूक त्या दोघांच्या मधे होती, आणि मधे तर काहीच लिहिलेलं नव्हतं. शिवाय बाहेरचा लूपही एखाद्या फंक्शनमध्ये असता आणि ‘लोकल’ आतल्याऐवजी त्या बाहेरच्या फंक्शनमध्ये घातलं असतं, तर बॅशमध्ये काहीही फरक पडला नसता. तिथे एखाद्या फंक्शनने लोकल म्हणून जाहीर केलेलं व्हेरिएबल त्याने बोलावलेल्या प्रत्येक फंक्शनला दिसतं, त्यांनी पुढे बोलावलेल्यांनाही दिसतं, आणि त्यांच्यापैकी कुणीही ते बिनदिक्कत बदलू शकतं. आपलं व्हेरिएबल आपण जपायचं म्हटलं तरी ते आपल्या हातात राहत नाही. ज्याला आपण बोलावतो त्याने स्वतःहून आपल्या नावाला हात लावायचा नाही, एवढाच काय तो भरवसा.

तेव्हापासून कुठलाही कोड वाचताना माझी नजर आधी नावांच्या हद्दीवर जाते.

नावाच्या हद्दीला स्कोप म्हणतात. डायनॅमिक स्कोप म्हणजे नाव समोर आलं की आधी स्वतःत बघायचं, मग आपल्याला ज्याने बोलावलं त्याच्यात, मग त्याला ज्याने बोलावलं त्याच्यात. लेक्सिकल स्कोपमध्ये नाव जिथे लिहिलंय त्याच्या भोवतीचा ब्लॉक, म्हणजे कोडचा बांधलेला तुकडा, बघायचा, मग त्याच्या बाहेरचा, असं करत फाईलच्या कडेपर्यंत जायचं. पहिल्या प्रकारात उत्तर प्रोग्राम चालू असतानाच कळतं, आणि दर वेळी वेगळं असू शकतं. दुसऱ्यात ते पानावरच असतं. प्रोग्राम न चालवता, नुसत्या डोळ्यांनी शोधता येतं. इतक्या साध्या सोयीसाठी भाषांना इतकी वर्षं का लागली असावीत, याचं मला सुरुवातीला फार नवल वाटायचं. कारण लेक्सिकल स्कोप नवा नाहीच. आल्गॉल या भाषेने १९६० सालीच ब्लॉकच्या आत ब्लॉक आणि प्रत्येक ब्लॉकची स्वतःची नावं ही रचना स्वच्छ मांडून ठेवली होती. त्याच सुमाराची लिस्प ही भाषा मात्र दुसऱ्या वाटेने गेली. लिस्पचे जनक जॉन मॅकार्थी यांनी १९७८ साली लिस्पचा इतिहास सांगताना लिहिलंय, की एका फंक्शनमध्ये दुसरं फंक्शन दिल्यावर नावांची गल्लत होते ही अडचण जेव्हा पुढे आली, तेव्हा त्यांना ती साधी एक बग वाटली होती. त्यांचा सहकारी स्टीव्ह रसेल ती लवकरच दुरुस्त करेल असा त्यांना विश्वास होता. रसेल यांनी तोडगा काढलाही, पण प्रश्नाचं मूळ कितीतरी खोल होतं. १९७५ मध्ये एमआयटीत सस्मन आणि स्टील यांनी स्कीम ही लिस्पची नवी बोली उभी केली तेव्हा कुठे लिस्पच्या घराण्यात लेक्सिकल स्कोप मानाने आला. साधी बग ते नवी भाषा, मधे जवळजवळ पंधरा वर्षं. हा तपशील मला फार जवळचा वाटतो. ज्यांनी भाषा घडवली त्यांनाही या गोष्टीचं वजन लगेच कळलं नव्हतं.

स्क्रिप्टिंग भाषांनी तर हा सगळा प्रवास पुन्हा पहिल्यापासून केला, प्रत्येकीने आपापल्या पायांनी. त्याचं कारण मला समजतं, आणि त्यांच्यावर रागही धरवत नाही. स्क्रिप्ट जन्मते ती दहा ओळींची. दहा ओळींत नावांना हद्दी कशाला हव्यात? लिहिलं, चाललं, विसरलं. जाहीर न करताच व्हेरिएबल वापरता येणं हे तिथे सुखच असतं. फक्त दहा ओळींच्या स्क्रिप्ट दहा ओळींच्या राहत नाहीत. त्या वाढतात, त्यांच्या फायली होतात, त्यांत दुसऱ्यांचे तुकडे येऊन मिसळतात, आणि दहा ओळींसाठी केलेली सोय हजार ओळींवर लागू होते.

पर्ल या स्क्रिप्टिंग भाषेची गोष्ट यात सगळ्यात बोलकी. पर्ल ५ येईपर्यंत तिथे नाव जपायला एकच साधन होतं, ‘लोकल’. ते नवं व्हेरिएबल बनवत नाही. त्याच ग्लोबल, म्हणजे सगळीकडून दिसणाऱ्या, व्हेरिएबलची जुनी व्हॅल्यू बाजूला काढून ठेवतं, आणि ब्लॉक संपला की परत आणून बसवतं. मधल्या काळात जे जे फंक्शन चालेल त्याला नवी व्हॅल्यू दिसते. १९९४ मध्ये पर्ल ५ आली आणि तिने ‘माय’ आणलं. ‘माय’ने जाहीर केलेलं नाव त्या ब्लॉकच्या महिरपी कंसाबाहेर अस्तित्वातच नसतं. कुणाला बोलावलं, कुणी बोलावलं, काही फरक पडत नाही. आणि जोडीला ‘यूज स्ट्रिक्ट’. ही ओळ फाईलच्या डोक्यावर नसेल तर ‘टोटल’च्या जागी चुकून ‘टोटला’ टाईप झालेलं पर्लला चालतं. त्या नावाचं एक नवंकोरं ग्लोबल व्हेरिएबल तिथल्या तिथे जन्माला येतं, रिकामं, आणि बेरजेत त्याची व्हॅल्यू शून्य धरली जाते. प्रोग्राम कुरकुर न करता चुकीचं उत्तर देतो. ती ओळ असेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही. हे नाव कुणी जाहीर केलेलं नाही, असं सांगून तिथेच थांबतो. जुन्या, स्ट्रिक्ट नसलेल्या फायली वाचणं म्हणजे काय असतं ते मी अनुभवलंय. प्रत्येक नावापाशी थांबून विचारावं लागतं, हे इथलं की बाहेरून आलेलं? आणि बाहेरून आलेलं असेल तर कुठून? सगळ्या फायलींत शोध घ्यायचा, सापडलेल्या प्रत्येक जागेचा अर्थ लावायचा, आणि तरी खात्री नाही. वाचणाऱ्याचा सगळा जीव त्या शंकेतच जातो. मूळ काम काय होतं ते बाजूलाच राहतं.

जावास्क्रिप्टमध्ये हीच शंका वेगळ्या कपड्यांत भेटते. तिथे फंक्शन लेक्सिकल होते, क्लोजर, म्हणजे भोवतीची नावं धरून ठेवणारी फंक्शनं, होते, म्हणजे पाया चांगलाच होता. पण व्हेरिएबल जाहीर करणाऱ्या ‘व्हार’ची हद्द ब्लॉकपाशी थांबत नव्हती, थेट फंक्शनच्या कडेपर्यंत पसरायची. आणि ‘व्हार’ लिहायचंच राहिलं तर नाव थेट ग्लोबल व्हायचं. लूपमध्ये तीन बटणं तयार करा, प्रत्येकाला ‘माझा नंबर दाखव’ असं एक फंक्शन जोडा. शून्य, एक, दोन मिळायला हवेत ना? तिन्ही बटणं तीनच दाखवतात. कारण ‘आय’ एकच, तिन्ही फंक्शनांनी धरलेला तोच, आणि बटण दाबेपर्यंत लूप संपून त्याचे तीन झालेले. शिकाऊ माणसाला हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा त्याचा चेहरा पडतो, कारण त्याने लिहिलेलं वाचताना अगदी बरोबर वाटतं. २०१५ मध्ये ‘व्हार’ला पर्याय म्हणून ‘लेट’ आलं आणि लूपच्या प्रत्येक फेरीला तिचा स्वतःचा ‘आय’ मिळाला. एवढ्या बारीक जागी इतका विचार झाला, याचं मला कौतुक वाटतं. हीच ठेच सी-शार्प या भाषेलाही लागली होती आणि तिने २०१२ मध्ये फॉर-ईचं वागणं बदललं. गो या भाषेने तर २०२४ मध्ये, १.२२ आवृत्तीत, लूपच्या व्हेरिएबलचा अर्थच बदलला. चालू भाषेतल्या इतक्या मूळ गोष्टीला हात लावायचा म्हणजे केवढं धाडस. तरी त्यांनी तो लावला, कारण माणसं पानावर वाचून जे समजतात आणि प्रोग्राम जे करतो, त्यात अंतर पडत होतं.

‘लेट’ येण्याआधी लोक काय करत? कोडभोवती एक निनावी फंक्शन गुंडाळायचे आणि ते तिथल्या तिथे चालवून टाकायचे. त्या फंक्शनला दुसरं काही काम नसायचं. फक्त भिंत व्हायचं. आतली नावं आत. जुन्या लायब्ररींच्या, म्हणजे इतरांनी वापरावा म्हणून लिहिलेल्या कोडच्या, फायली उघडल्या की पहिल्या ओळीत तो उघडणारा कंस आणि शेवटच्या ओळीत ते बंद होणारे कंस अजून दिसतात. भाषेने भिंत दिली नाही तेव्हा माणसांनी हाताशी असलेल्या सामानातून ती बांधली. ती दिसायला ओबडधोबड होती, पण तिच्यामुळे एकाच पानावर दहा जणांचा कोड नांदू शकला. जेक्वेरी आणि प्रोटोटाईप या दोन्ही लायब्ररींना आपलं छोटं नाव म्हणून डॉलरचं चिन्ह हवं होतं, म्हणून जेक्वेरीत ‘नो-कॉन्फ्लिक्ट’ नावाचं फंक्शनच ठेवलं होतं. ते चालवलं की ती डॉलरवरचा हक्क सोडायची. आपलं नाव सोडून द्यायची सोय लायब्ररीनेच करून ठेवावी, हा शहाणपणा मला अजूनही मोठा वाटतो.

सगळ्यांच्या सामायिक जागेत एकदा टाकलेलं नाव परत काढता येत नाही, हे मात्र खूप उशिरा कळतं. ब्राउझरमध्ये सर्वात वरच्या पातळीवर ‘नेम’ नावाचं व्हेरिएबल ‘व्हार’ने करा आणि त्यात ४२ हा आकडा ठेवा. परत काढून बघाल तर ती आकड्याऐवजी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, झालेली असते. कारण ‘नेम’ हे नाव ब्राउझरच्या विंडोचं आहे, आपल्या आधीपासून तिथे बसलेलं, आणि त्यात जे टाकाल त्याची स्ट्रिंग होते. त्याहून मोठी गोष्ट मू-टूल्सची. या लायब्ररीने सगळ्या ॲरेंच्या, म्हणजे याद्यांच्या, सामायिक प्रोटोटाईपवर (म्हणजे मूळ साच्यावर, वरची लायब्ररी नव्हे) आपली फंक्शनं टांगली होती. त्यांपैकी एक ‘कंटेन्स’, एक ‘फ्लॅटन’. पुढे प्रमाण भाषेतच ही सोय आणायचं ठरलं तेव्हा ‘कंटेन्स’ हे सरळ, सुटसुटीत नाव घेता आलं नाही, कारण मू-टूल्सवर चालणाऱ्या साईट मोडत होत्या. म्हणून आज आपण ‘इन्क्लूड्स’ लिहितो. २०१८ मध्ये ‘फ्लॅटन’चीही तीच गत झाली. फायरफॉक्सच्या चाचणीसाठी निघणाऱ्या ‘नाईटली’ आवृत्तीत ते आणून पाहिलं आणि साईट मोडल्याचं दिसलं. कारण ऐकलं तर अंगावर काटा येतो. मू-टूल्स आपलं ‘फ्लॅटन’ ॲरेवर लिहायची, मग लूप लावून ॲरेवरची फंक्शनं दुसऱ्या जागी नकलायची. भाषेचं स्वतःचं ‘फ्लॅटन’ लूपला दिसत नाही अशा जातीचं. त्याच्यावर मू-टूल्सने आपलं लिहिलं तरी ती न दिसण्याची खूण तशीच राहायची, म्हणून नक्कल व्हायचीच नाही. भाषेत शेवटी ‘फ्लॅट’ आलं. कुणीतरी वर्षानुवर्षांपूर्वी आपल्या सोयीसाठी सामायिक जागेत ठेवलेली दोन नावं, आणि जगभरच्या प्रोग्रामरांना आता कायमची वेगळी नावं लिहावी लागतात. त्या लायब्ररीच्या लेखकांना मी दोष देत नाही. तेव्हा तोच रिवाज होता आणि त्यातून खूप चांगलं कामही झालं. पण प्रदूषण हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. करणारा एक, आणि ते भोगणारे त्याला कधीही न भेटलेले.

पायथनमध्ये मी जास्त रमते, कारण तिथे नावांच्या हद्दीबद्दल भाषेनेच आस्था दाखवली आहे. तीही टप्प्याटप्प्याने. २००१ मधल्या २.१ आवृत्तीपर्यंत आतल्या फंक्शनला बाहेरच्या फंक्शनचं व्हेरिएबल दिसतच नसे. म्हणून लोक लॅम्डाच्या, म्हणजे निनावी फंक्शनच्या, आर्ग्युमेंटमध्ये (बोलावताना आत द्यायच्या मूल्यांत) ‘एन बरोबर एन’ असं लिहून ते आत चोरपावलांनी न्यायचे. मग घरट्यात घरटं अशी हद्द आली, आणि २००८ मध्ये पायथन ३ सोबत ‘नॉनलोकल’ आलं, म्हणजे ते नाव बदलताही येऊ लागलं. पायथन २ मध्ये एका ओळीत यादी बनवणाऱ्या लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमधलं मोजायचं व्हेरिएबल बाहेर गळायचं. एक ओळ लिहिली की आधीचा ‘एक्स’ गेलाच. पायथन ३ ने ती गळती बुजवली. पण ‘इम्पोर्ट स्टार’, म्हणजे दुसऱ्या मॉड्यूलमधली (कोडच्या वेगळ्या फाईलमधली) नावं सरसकट ओढून घेणं, आहे तसंच आहे. ‘फ्रॉम ओएस इम्पोर्ट स्टार’ लिहा, आणि रोजचं ‘ओपन’ हरवतं. त्याच्या जागी ओएस मॉड्यूलचं ‘ओपन’ येऊन बसतं, जे फाईल ऑब्जेक्ट देत नाही, नुसता एक पूर्णांक देतं. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातच याबद्दल सावध केलेलं आहे. एका पानाचा उतारा मागावा आणि कुणी अख्खं कपाट दारात आणून उभं करावं, तसं ते आहे. दार अडतं, आणि कपाटात काय काय आहे ते आपल्याला ठाऊकही नसतं. आज त्यातलं एकही नाव आपल्या नावावर आदळत नसेल. उद्या त्या मॉड्यूलच्या लेखकाने नवं एक फंक्शन वाढवलं की आदळेल, आणि आपण आपल्या फाईलला हातही लावलेला नसेल.

म्हणून फाईलच्या वरच्या इम्पोर्टच्या ओळी मी मन लावून वाचते. ज्याने हवी ती चारच नावं एकेक करून मागवलेली असतात, त्याचा पुढचा कोड वाचायला मला कष्ट पडत नाहीत. पर्लच्या मॉड्यूलमध्येही लेखकाला दोन याद्या ठेवता येतात. एकीतली नावं न मागता येऊन पडतात, दुसरीतली मागितली तरच मिळतात. दुसरी यादी वापरणारा लेखक मला आवडतो. त्याने माझ्या फाईलमध्ये माझ्या परवानगीवाचून काही ठेवलं नाही. आमची ओळख नाही, कधी होणारही नाही, पण त्याने माझा विचार केलेला असतो.

इतकं सगळं म्हटल्यावर डायनॅमिक स्कोप मोडीत काढावा का?

इथे माझं मन पूर्ण एका बाजूला झुकत नाही. पर्लमध्ये अख्खी फाईल एका घासात वाचायची तर ओळ कुठे संपते हे सांगणारं खास व्हेरिएबल थोडा वेळ रिकामं करायचं, वाचायचं, आणि ब्लॉक संपला की ते आपोआप पूर्ववत. हे ‘लोकल’च करू शकतं, ‘माय’ नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८१ मध्ये आपल्या ईमॅक्स या एडिटरवर लिहिलेल्या लेखात डायनॅमिक स्कोपची बाजू ठामपणे मांडली होती. वापरणाऱ्याला एडिटर आपल्या मनासारखा वळवता यायला हवा असेल, तर मूळ लेखकाने ज्याचा विचारही केला नव्हता अशा जागी बाहेरून हात घालता आला पाहिजे, असा त्याचा रोख. त्यात तथ्य आहे. ईमॅक्समध्ये शोध घेताना लहान-मोठी अक्षरं सारखी धरायची की नाही हे ठरवणारं एक व्हेरिएबल आहे. आपल्या फंक्शनपुरतं ते बदलायचं आणि आत बोलावलेल्या पन्नास फंक्शनांनी ते मुकाट मानायचं, ही सोय आर्ग्युमेंट देत बसून मिळणार नाही. मला खटकतं ते एवढंच, की ही ताकद प्रत्येक नावाला आपोआप मिळत होती. साध्या मोजणाऱ्या ‘आय’लाही.

ईमॅक्सने शेवटी जो मार्ग काढला तो मला सगळ्यात समंजस वाटतो. २०१२ मध्ये २४व्या आवृत्तीत लेक्सिकल स्कोप आला, पण फाईलगणिक. पहिल्या ओळीत तशी खूण लिहाल तर त्या फाईलपुरता लेक्सिकल, नाहीतर जुनंच चालू. कुणाचंही काही मोडलं नाही. २०२५ मधल्या ३०व्या आवृत्तीपासून ती खूण नसेल तर कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्रासाठी तयार करणारा प्रोग्राम, सूचना देऊ लागला. आता जुन्या फायली एकेक करून बदलायचं काम माझ्याकडे असतं तेव्हा मी ती ओळ घालते, कंपाईल करते आणि सूचनांची यादी घेऊन बसते. एक सूचना म्हणते, हे व्हेरिएबल जाहीर केलंय पण इथे कुणी वापरतच नाही. दुसऱ्या फंक्शनमधली सूचना म्हणते, हे नाव वापरलंय पण कुणी जाहीर केलेलं नाही. दोन्ही सूचनांत नाव तेच. म्हणजे पहिलं फंक्शन दुसऱ्याला ते नाव हवेतूनच देत होतं, आणि पानावर त्याचा मागमूस नव्हता. बहुतेक ठिकाणी ते सरळ आर्ग्युमेंट करून टाकते. कोडची एक ओळ वाढते आणि दोन फंक्शनांतला व्यवहार उघड्यावर येतो. काही ठिकाणी मात्र लेखकाने बाहेरच्या माणसाला मुद्दाम जागा ठेवलेली असते. तिथे ‘डेफव्हार’ ही जाहीर करणारी ओळ लिहून ते नाव डायनॅमिकच ठेवायला हवं. कुठलं कोणत्या प्रकारचं हे कंपायलर सांगू शकत नाही. त्यासाठी जुन्या टिपणी वाचाव्या लागतात, ते फंक्शन कोण कोण बोलावतं ते बघावं लागतं, आणि तरीही काही नावांबद्दल माझा निर्णय अजून व्हायचाय.